मटियाबुर्जची कबुतरे आणि अब्बांचे काबूक

आमच्या मिरजेच्या घराच्या गच्चीवर फळ्या ठोकून, पुढे जाळी लावून केलेले एक खुराडे होते. अब्बा त्याला काबूक म्हणत. शेजारी उंच बांबूवर पट्ट्यांची छत्री, आणि त्यावर बसणारी चाळीसेक कबुतरे. अब्बा रेल्वेत फिटर होते. नोकरीच्या दिवसांत कबुतरांच्या वाट्याला सकाळची मूठभर ज्वारी आणि संध्याकाळची शिट्टी, एवढेच यायचे. निवृत्तीनंतर मात्र सारा दिवस त्यांचाच झाला. अम्मी वैतागायची. वाळत घातलेल्या चादरीवर शिटलेले दिसले की तिचा आवाज खालून गच्चीपर्यंत पोचायचा.

२०१६ मध्ये अम्मी गेली. त्यानंतर अब्बा फजरची नमाज पढून थेट वर जात, ते नऊच्या सुमाराला खाली येत. दाणा, पाणी, काबूकची झाडलोट, कोणाच्या पायाला काही लागले आहे का हे बघणे, अंडी मोजणे. संध्याकाळी असरनंतर पुन्हा तेच. २०१८ च्या पावसाळ्यात जिन्यावरून त्यांचा पाय घसरला आणि मनगट मोडले. मी आणि आपाने दोन दिवसांत निर्णय घेतला की आता अब्बांना पुण्याला न्यायचे. चौथ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट, लिफ्ट आहे, मी आहे, सून आहे, दोन नातवंडे आहेत. सांगलीच्या त्यांच्या एका दोस्ताने कबुतरे घेण्याची तयारी दाखवली. ती टोपल्यांत भरून नेली, त्या दिवशी अब्बांनी एवढेच विचारले, "उनको दाना टाइम पे मिलेगा ना?" मी वैतागून म्हणालो, "अब्बा, आता या वयात कबुतरं कशाला?"

हे वाक्य मी मनापासून म्हणालो होतो. माझ्या मते मी त्यांची काळजी घेत होतो.

गेल्या वर्षी एका लेखाच्या निमित्ताने अब्दुल हलीम शरर यांचे 'गुजिश्ता लखनौ' पुन्हा वाचायला घेतले. अवधच्या अखेरच्या राजाच्या, वाजिद अली शाहच्या, कलकत्त्यातल्या दिवसांची पाने आली आणि पुस्तक पुढे सरकेना. ती पाने मी आधीही वाचली होती. तेव्हा त्यांत मला एका ऐयाश राजाची उधळपट्टी दिसली होती.

वाजिद अली शाहची बहुतेकांच्या डोळ्यांसमोरची प्रतिमा सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी' या १९७७ च्या चित्रपटातून आलेली आहे. गाणे, कथक, ठुमरी आणि हातून निसटणारे राज्य. चित्रपट जिथे थांबतो तिथे राजा अवघा तेहेतीस वर्षांचा आहे. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनी सरकारने अवध खालसा केले आणि मेमध्ये राजा कलकत्त्याला पोचला. त्याला लंडनला जाऊन दाद मागायची होती. प्रकृतीमुळे ते जमले नाही, आई मलिका किश्वर गेली. तिची दाद कोणी घेतली नाही. परतीच्या वाटेवर जानेवारी १८५८ मध्ये पॅरिसमध्ये तिचे निधन झाले, तिथेच तिची कबर आहे. इकडे १८५७ चा उठाव भडकताच इंग्रजांनी राजाला उचलून फोर्ट विल्यममध्ये डांबले. त्याने उठावात काही केले होते म्हणून नव्हे, त्याच्या नावाने कोणी काही करू नये म्हणून. दोन वर्षांनी, १८५९ मध्ये, तो सुटला. मग कलकत्त्याच्या दक्षिणेला हुगळीच्या काठी मटियाबुर्ज येथे वर्षाला बारा लाखांच्या तनख्यावर त्याने उरलेले आयुष्य काढले. ते थोडेथोडके नव्हते. १८८७ च्या सप्टेंबरमध्ये वयाच्या पासष्टाव्या वर्षी तो वारला. म्हणजे राज्य केले नऊ वर्षे आणि राज्याविना जगला एकतीस वर्षे. इतिहासाच्या पुस्तकांत त्या एकतीस वर्षांना सहसा एक परिच्छेद मिळतो.

शरर यांचे महत्त्व इथे आहे. त्यांचे वडील मटियाबुर्जच्या दरबारात नोकरीला होते. नऊ वर्षांचा असताना हा मुलगा तिथे गेला आणि एकोणिसाव्या वर्षापर्यंत राहिला. पुढे १९१३ पासून त्यांनी आपल्या 'दिलगुदाज' मासिकात लखनौवर जे लेख लिहिले, त्यांत मटियाबुर्जच्या बागा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या आहेत. लोखंडी गजांच्या मोठ्या कुंपणात मोकळी फिरणारी हरणे. मधोमध संगमरवरी हौद, त्याच्या काठी शहामृग, सारस, बगळे. एका ठिकाणी मुद्दाम उभारलेली टेकडी, आत पोकळ्या, भोवती पाण्याचा चर, आणि तिच्यावर हजारो साप. पाण्यात बेडूक सोडले की साप खाली उतरत आणि लोक कठड्यापलीकडून बघत. जिराफ होते, दोन मदारींचे उंट होते. कोणतेही जनावर राहून जाऊ नये म्हणून दोन गाढवेही आणून सोडली होती, असे शरर सांगतात. कलकत्त्यात अलीपूरचे प्राणिसंग्रहालय उघडले १८७६ मध्ये. शरर मटियाबुर्जला आले तेव्हा ते अस्तित्वातच नव्हते.

पण राजाचा जीव होता कबुतरांवर. राजाच्या अखेरच्या काळात कबुतरांचा आकडा चोवीस हजारांच्या वर गेला होता. रेशीमपर जातीच्या एका जोडीला चोवीस हजार रुपये मोजल्याचे आणि पांढऱ्या मोरांच्या जोडीला अकरा हजार दिल्याचे शरर नोंदवतात. जनावरांकडे बघणारी आठशेच्या वर माणसे होती, कबुतरांसाठी तीनशे वेगळी, माशांसाठी ऐंशी, सापांसाठी तीस-चाळीस. त्यांचा पगार महिना सहा ते दहा रुपये. हा पगार आणि ती चोवीस हजारांची जोडी शेजारी ठेवून बघितली तर राजाबद्दल फार हळवे होता येत नाही, आणि होऊही नये. त्याने अनेक बेगमांशी निकाह, मुतआ केले, त्यांतल्या कित्येकींना सोडले, कर्ज करून ठेवले. कंपनीचे आणि नंतर राणीचे अधिकारी हा खर्च बघून कपाळाला हात लावत. बिनकामाच्या माणसाचा बिनकामाचा शौक, असा त्यांचा हिशेब होता.

मी मात्र या वेळी दुसऱ्याच गोष्टीपाशी अडकलो. वाजिद अली शाह एकटा नव्हता. बेगमा, मुले, हकीम, शायर, गवई, बावर्ची, लखनौहून मागोमाग आलेली हजारो माणसे, सगळे भोवती होते. शरर म्हणतात तसे दुसरे लखनौच तिथे वसले होते. सोबतीची उणीव त्याला नव्हती. उणीव होती ती कामाची. ज्याच्या एका सहीवर सुभा हलायचा, त्या माणसाने सही करावी असे आता काहीच उरले नव्हते. तनखा कलकत्त्याच्या तिजोरीतून यायचा, निर्णय इंग्रज एजंट घ्यायचा. अशा माणसाला उजाडल्यावर उठायचे कशासाठी? हरणाला पाडस झाले आहे, नव्या जोडीने अंडी घातली आहेत, उन्हाने हौदातले पाणी आटले आहे. या गोष्टींसाठी त्याच्या शब्दाची गरज होती. कबुतराला राजा पदच्युत आहे हे ठाऊक नसते.

हा माझा तर्क आहे. राजाने स्वतः असे कुठे लिहिले आहे, असे मी म्हणत नाही. पण अब्बांना जाऊन काही वर्षे झाली असताना ती पाने वाचणाऱ्या मला दुसरे काही सुचले नाही. पुण्यात अब्बाही एकटे नव्हते.

कबुतरबाजीला आपल्याकडे मोठा इतिहास आहे आणि तेवढीच मोठी बदनामी. बाबराचा बाप उमर शेख मिर्झा १४९४ मध्ये अख्सी येथे दरीच्या कडेवरचे आपले कबुतरखाना असलेले बांधकाम कोसळून मेला, आणि अकरा वर्षांच्या बाबरावर गादी आली. मुघलांच्या इतिहासाची सुरुवातच अशी एका पडलेल्या खुराड्यातून होते. (अम्मीला हे सांगितले असते तर तिने लगेच अब्बांना ऐकवले असते.) अकबर कबुतर उडवण्याला 'इश्कबाजी' म्हणत असे. त्याच्या दरबारी वीस हजारांवर कबुतरे होती आणि त्यांतली पाचशे खास, असे अबुल फझल 'आईन-ए-अकबरी'त लिहितो. लखनौचा विषय निघाला आहे तर मीर तकी मीर यांचेही नाव घेतले पाहिजे. साठीच्या उंबरठ्यावर दिल्ली सोडून ते लखनौला आले आणि १८१० मध्ये तिथेच वारले. उर्दू गझलेचा हा बादशाह एरवी माणसांशी फटकून वागण्यासाठी प्रसिद्ध होता. त्याच मीर यांनी घरच्या मोहिनी नावाच्या मांजरीवर मस्नवी लिहिली आहे आणि मेलेल्या कोंबड्यावर शोककाव्यसुद्धा.

बदनामीची बाजू आमच्या घरी चाचा सांभाळायचे. ईदला आले की गच्चीकडे बोट करून ठरलेले वाक्य टाकायचे, "भाईजान, कबूतरबाज की गवाही कबूल नहीं होती." हे त्यांनी मनाने रचलेले नव्हते. बाराव्या शतकातल्या बुरहानुद्दीन मर्गीनानी यांच्या 'हिदाया' या हनफी कायद्याच्या ग्रंथात पाखरे उडवण्याचा खेळ करणाऱ्याची साक्ष मानू नये असे म्हटले आहे. कारणे दोन दिली आहेत. या नादाने माणूस गाफील होतो, आणि गच्चीवर चढल्याने शेजाऱ्यांच्या घरातल्या बायकांवर नजर जाते. इंग्रजांनी याच ग्रंथाचा १७९१ मध्ये अनुवाद करवून आपल्या न्यायालयांत वापरला. पण चाचांना पुढचे माहीत नव्हते, आणि अब्बांनाही. याच ग्रंथाच्या भाष्यकारांनी साफ सांगितले आहे की जो घरात कबुतरे केवळ जीव रमवण्यासाठी पाळतो, त्याच्या साक्षीला बाधा येत नाही. मूळ अरबी शब्द आहे 'इस्तिनास'. त्याच धातूतून उर्दूतले उन्स आणि मानूस हे शब्द आले. मानूस म्हणजे सवयीने जवळचा झालेला. फिक्हच्या कोरड्या पानांत, साक्षीपुराव्याच्या प्रकरणात, कोणा फकीहाला घरात कबुतरांशी रमलेला माणूस आठवावा आणि त्याच्यासाठी त्याने कलम मोकळे सोडावे, याची मला गंमत वाटते. अब्बा असताना हे वाचले असते तर चाचांचे तोंड बंद करता आले असते.

वाजिद अली शाह फोर्ट विल्यममधून सुटला त्याच १८५९ सालच्या अखेरीस लंडनमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे शुश्रूषेवरचे छोटे पुस्तक छापून झाले. हवा, उजेड, स्वच्छता, अन्न यांच्या सूचनांमध्ये त्यांनी एक गोष्ट सहज घातली आहे. दीर्घ काळ अंथरुणाला खिळलेल्याला एखादे लहानसे पाळीव जनावर उत्तम सोबत करते, आणि वर्षानुवर्षे एकाच खोलीत पडलेल्या रुग्णाला कधी कधी पिंजऱ्यातल्या एका पक्ष्याचाच काय तो आनंद असतो. त्या पुढे सुचवतात की रुग्णाला जमत असेल तर त्या जनावराला खाऊ घालणे, साफ करणे हे त्यालाच करू द्यावे. क्रिमियाहून परतल्यावर बाई स्वतः अनेक वर्षे आजारी होत्या, खोलीतून क्वचित बाहेर पडत, आणि त्या खोलीत मांजरांचा मुक्त वावर असे. पुस्तकातला सल्ला ऐकीव नव्हता.

याच्याही आधी, १७९६ मध्ये, यॉर्कला क्वेकर पंथीयांनी मनोरुग्णांसाठी काढलेल्या 'रिट्रीट'च्या अंगणांत ससे आणि कोंबड्या मोकळ्या सोडलेल्या असत. साखळदंडांच्या त्या जमान्यात, ज्याला स्वतःची शुद्ध नाही त्याच्या हाती दुबळा जीव सोपवायचा, हा विचार धाडसाचा होता. मग दवाखाने मोठे झाले, जंतूंचे शास्त्र आले, फरशा फिनेलने पुसल्या जाऊ लागल्या आणि जनावरे फाटकाबाहेर गेली. कारण योग्य होते. पण म्हातारी माणसेही याच काळात घराबाहेर, संस्थांत जाऊ लागली होती. त्यांना दवाखान्याचेच नियम लागू झाले.

जनावराचा म्हाताऱ्या माणसाला खरेच उपयोग होतो का, हे मोजून बघण्याचा प्रयत्न व्हायला १९७० चे दशक उजाडावे लागले. यॉर्कशायरमधल्या हल शहरात मगफर्ड आणि मकॉमिस्की या दोघांनी ७५ ते ८१ वयाच्या, एकट्या राहणाऱ्या तीस जणांना निवडले. काहींना बजरीगर दिला, म्हणजे आपण ज्यांना लव्हबर्ड म्हणून घरी आणतो ते बारके पोपट. काहींना बिगोनियाची कुंडी दिली. काहींना काहीच दिले नाही. शिवाय कोणाकडे टीव्ही आहे, कोणाकडे नाही, हेही पाहिले. काही महिन्यांनी पुन्हा जाऊन विचारपूस केली तेव्हा पक्षी मिळालेल्यांचे मन इतरांपेक्षा उभारीचे आढळले. टीव्हीने फारसा फरक पडला नव्हता. पण मला भावते ती दुसरी गोष्ट. या म्हाताऱ्यांकडे बोलायला विषय आला होता. शेजारची मुले पक्षी बघायला येत, येणारा-जाणारा पक्ष्याचे नाव विचारी, आणि गुडघेदुखी सोडून काहीतरी बोलले जाई. १९७५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. तीस माणसांचा अभ्यास म्हणजे फार मोठा पुरावा नव्हे. आणि हेही सांगायला हवे की मगफर्ड तेव्हा पाळीव प्राण्यांचे खाद्य बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. तरी कुंडी आणि पक्षी समोरासमोर ठेवण्याची कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. कुंडीला पाणी घालायला विसरलात तर ती ओरडत नाही.

१९८० मध्ये अमेरिकेत एरिका फ्रीडमन यांनी हृदयविकाराने दवाखान्यात दाखल झालेल्या ९२ रुग्णांची वर्षभराने चौकशी केली. घरी जनावर असलेल्या ५३ जणांपैकी तिघे वारले होते, नसलेल्या ३९ पैकी अकरा. हे आकडे जगभर गाजले. १९८३ मध्ये अमेरिकी संसदेने कायदाच केला की सरकारी मदतीवर चालणाऱ्या वृद्धांच्या घरकुलांत पाळीव प्राण्यांना बंदी घालता येणार नाही.

आणि मग न्यू बर्लिन. न्यूयॉर्क राज्यातले हे एक छोटे खेडे. तिथल्या चेस मेमोरियल नावाच्या शुश्रूषागृहात ऐंशी वृद्ध राहत. १९९१ मध्ये बिल थॉमस हा तिशीतला डॉक्टर तिथे रुजू झाला. हातात औषधे होती, तपासण्या होत्या, तरी माणसे विझत चालली होती. त्याने निदान केले की इथे तीन साथी पसरल्या आहेत: कंटाळा, एकटेपणा आणि असहायता. उपाय म्हणून त्याने मागितले दोन कुत्री, चार मांजरे आणि शंभर पक्षी. एक कुत्रा चालेल, असे व्यवस्थापन म्हणत होते. हा अडून बसला, कारण त्याला शोभेचे एक जनावर नको होते, सगळ्यांना कामाला लावील एवढा गोंधळ हवा होता. शेवटी परवानगी मिळाली आणि सारे एकाच दिवशी येऊन थडकले. पक्षी आले पण पिंजरे आलेच नव्हते. पक्षी आणणाऱ्याने शंभरही पोपट तळमजल्यावरच्या केशकर्तनाच्या खोलीत सोडले, दार लावले आणि तो निघून गेला. नंतर पिंजरे आले ते सुटे, खोक्यांत. डॉक्टर, नर्सा सगळे पिंजरे जोडत आणि पोपटांमागे धावत होते, आणि म्हातारी मंडळी खिडकीबाहेरून बघून हसून बेजार झाली होती. जवळजवळ प्रत्येक पक्ष्याला तिथल्या रहिवाशांनी नाव दिले. ज्यांना बोलता येत नाही असे समजले जाई, त्यांतले काही बोलू लागले. खोलीत पडून असणारे काही जण आपण होऊन येऊन म्हणाले की कुत्र्याला मी फिरवून आणतो. दोन वर्षे जवळच्या दुसऱ्या शुश्रूषागृहाशी तुलना केली तेव्हा इथे प्रत्येकी लागणारी औषधे निम्म्यावर आली होती, औषधांचा खर्च ३८ टक्के होता आणि मृत्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी. यात पक्ष्यांचा वाटा किती, झाडांचा किती आणि शाळा सुटल्यावर येणाऱ्या मुलांचा किती, हे वेगळे काढता येत नाही. थॉमसला ते वेगळे काढायचेही नव्हते. त्याचे म्हणणे असे की माणसाला जगायला कारण लागते.

दुसरी बाजू झाकून ठेवली तर हा लेख चाचांच्या गवाहीसारखा अर्धवट होईल. नंतरचे सगळे अभ्यास काही एकाच सुरात बोलत नाहीत. २०१७ मध्ये स्वीडनमध्ये ३४ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एकट्या राहणाऱ्यांत कुत्रा पाळणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका न पाळणाऱ्यांपेक्षा ३३ टक्के कमी दिसला. पण मुळात जो चालता-फिरता आहे तोच कुत्रा पाळतो, ही शंका उरतेच. ऑस्ट्रेलियातल्या साठी ओलांडलेल्यांच्या एका अभ्यासात तर पाळीव प्राणी असलेल्यांत उदासी थोडी जास्तच आढळली. अमेरिकेत कुत्र्या-मांजरांत पाय अडकून पडणाऱ्या आणि इस्पितळ गाठणाऱ्यांचा आकडा वर्षाला सुमारे ८६ हजार होता, आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना हा धोका अधिक. कबुतरांचे तर विचारूच नका. त्यांच्या पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीने फुप्फुसे कायमची आखडतात. २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि मुंबईत रणकंदन झाले, त्यामागे हीच भीती होती. पुण्यात अब्बांनी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर दाणे टाकायला सुरुवात केली तेव्हा सोसायटीची चिठ्ठी आली. मला तेव्हा राग आला होता, पण खालच्या मजल्यावरच्या मुलीला दमा होता. चिठ्ठी चुकीची होती असे आजही म्हणता येत नाही. मांजर आणायचे म्हटले असते तर सोसायटीला अडवता आले नसते.  पण मांजर आणावे हे घरात कोणाला सुचले नाही. मलाही नाही.

चेस मेमोरियलची हकिगत अतुल गवांदे या शल्यविशारदाने २०१४ च्या आपल्या 'बीइंग मॉर्टल' या पुस्तकात सविस्तर दिली आहे. त्यांचे घराणे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले, उमरखेडजवळच्या उटी गावचे. याच पुस्तकात त्यांनी आपल्या आजोबांबद्दल, सीताराम गवांदे यांच्याबद्दल, लिहिले आहे. हे आजोबा जवळजवळ एकशे दहा वर्षे जगले. रोज रात्री झोपण्यापूर्वी घोड्यावर बसून शेताला फेरी मारायची, हा त्यांचा नेम. शंभरी गाठली तरी तो त्यांनी सोडला नाही. म्हातारा घोड्यावरून पडेल ही भीती मुलांनाही होती. मग त्यांनी काय करावे? त्यांनी वडिलांसाठी लहान घोडा आणला, आणि सोबत नेहमी कोणीतरी जाईल अशी व्यवस्था केली. त्यांची ती फेरी अखेरच्या वर्षापर्यंत चालू राहिली.

लहान घोडा. मी हे वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. आमच्या घरी लहान घोडा काय झाला असता? काबूक गच्चीवरून खाली अंगणात आणता आले असते. चाळीसच्या जागी सहा ठेवता आली असती. झाडलोटीला एखादा पोरगा, अब्बांच्या तोंडाला फडके. जिन्याला कठडा बसवायला तर तीन हजारही लागले नसते. आम्ही मनगट मोडलेले पाहिले आणि जिना, कबुतरे, गच्ची, मिरज सगळेच एकदम काढून घेतले. बदल्यात लिफ्ट दिली.

पुण्यात अब्बा काही तक्रार करत नव्हते. नातवंडांना जवळ घेत, टीव्ही बघत, मशिदीत जाऊन येत. फक्त फजरनंतर पुन्हा झोपू लागले. "आराम मिळतोय," असे मी आपाला फोनवर सांगायचो.

पहिल्याच महिन्यात मिरजेहून शेजारच्या खालांचा फोन आला होता. सांगलीहून सात कबुतरे परत आली होती आणि आमच्या रिकाम्या गच्चीवर छत्रीवर बसून होती. घर बदलले तरी कबुतर जुन्या छपराकडे येते, सांगली तर जेमतेम नऊ-दहा किलोमीटर. अब्बांना कळले तर ते मिरजेला जायचा हट्ट धरतील म्हणून मी खालांना म्हणालो, "पोरांना सांगून हाकलून द्या, काही दिवसांनी जातील." अब्बांनी मधे एकदा विचारले होते, कोई वापस आया क्या, म्हणून. मी म्हणालो, "नाही. तिकडं रुळली सगळी." त्यांनी मान हलवली.

२०२० च्या जानेवारीत अब्बा गेले. त्यांची इच्छा होती म्हणून दफन मिरजेला, अम्मीशेजारी केले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेलो. काबूकची जाळी गंजली होती, दार उघडे होते, आत पाच कबुतरे होती आणि मातीच्या परळात ताजे पाणी. मी खाली येऊन खालांना विचारले. त्या चुलीपुढून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझे अब्बा हर महिने को दो सौ रुपये भेजते थे रे. ज्वारी के. दर जुम्म्याला फोन करायचे, कितनी हैं म्हणून विचारायचे."

मग त्यांनी पदराची गाठ सोडून या महिन्याचे उरलेले साठ रुपये माझ्या हातावर ठेवले.